उभ्या गाडीची बॅटरी सोलापूरच्या उन्हाळ्यात कशी जपावी

सोलापुरात अशी पुष्कळ घरे आहेत, जिथली मुले नोकरीसाठी पुण्यात असतात आणि त्यांची मोटारसायकल मात्र जुळे सोलापुरातल्या किंवा होटगी रस्त्यावरच्या घरी, पत्र्याच्या शेडखाली, आवरण घालून उभी असते. गड्ड्याच्या यात्रेला, पाडव्याला किंवा दसऱ्याला मुले घरी येतात, उत्साहाने किल्ली फिरवतात, सेल्फचे बटण दाबतात आणि टक-टक अशा आवाजापलीकडे काहीही घडत नाही. आमच्या घरीही असेच झाले होते. मुलगा फेब्रुवारीत येऊन गेला, त्यानंतर जूनपर्यंत गाडी जागची हलली नाही, आणि जूनमध्ये बॅटरीला मीटर लावले तेव्हा १०.५ व्होल्ट दिसले. दोन दिवस चार्ज करूनही ती सावरली नाही. जेमतेम सव्वा वर्षाची बॅटरी टाकून द्यावी लागली, याचे मला फार वाईट वाटले, कारण थोडी माहिती आणि महिन्यातून अर्धा तास एवढ्यावर ती सहज वाचली असती. तेव्हापासून ही गाडी माझ्या देखरेखीखाली आहे आणि जे करतो ते येथे क्रमाने लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. या विषयावरचे बरेचसे लेखन थंड देशांतील लोकांनी केलेले असते आणि त्यात हिवाळ्याची तयारी सांगितलेली असते, कारण तिकडे गाड्या हिवाळ्यात उभ्या राहतात. सोलापुरात हे वेळापत्रक उलटे धरावे लागते. आपल्याकडची थंडी बॅटरीला मानवते. तिची खरी परीक्षा मार्च ते मे या काळात, पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना आणि पत्र्याखाली त्याहूनही जास्त तापत असताना होते.

आत नेमके काय होते

मोटारसायकलची नेहमीची बॅटरी शिसे आणि आम्ल यांची असते. तिच्यात सहा घरे (सेल) असतात आणि पूर्ण चार्ज असताना प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्ट देते, म्हणून बारा व्होल्टची म्हटली जाणारी बॅटरी प्रत्यक्षात १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. आमच्या बॅटरीवर दिसलेला १०.५ हा आकडा म्हणजे पाच घरांचे व्होल्ट होत. सहावे घर निकामी झाले होते, आणि अशा बॅटरीवर कोणताही चार्जर उपाय करू शकत नाही.

बॅटरी उतरते तेव्हा तिच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा बारीक थर बसतो. लगेच चार्ज केल्यास तो पुन्हा विरघळतो आणि प्लेटा मोकळ्या होतात. परंतु बॅटरी आठवडेच्या आठवडे उतरलेल्या अवस्थेत राहिली, तर त्या थराचे मोठे, कठीण स्फटिक बनतात, ते चार्जिंगने विरघळत नाहीत आणि प्लेटेचा तेवढा भाग कायमचा बाद होतो. त्यामुळे गाडी किती दिवस उभी होती यापेक्षा, उभी असताना बॅटरी कितपत भरलेली होती, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पूर्ण भरलेली बॅटरी बरेच दिवस निश्चिंत राहू शकते; अर्धी उतरलेली बॅटरी मात्र दर दिवशी थोडी थोडी खराब होत असते.

आता यात उष्णता मिळवा. कोणतीही वायर जोडलेली नसली तरी बॅटरी आपोआप थोडी उतरतच असते. बंदिस्त बॅटरीत हा वेग साधारण २५ अंश तापमानाला महिन्याला सुमारे तीन टक्के असतो आणि दर दहा अंशांमागे तो ढोबळ मानाने दुप्पट होतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालचे तापमान ४५ अंशांच्या आसपास गेले, तर हाच वेग चौपट होतो. पाण्याच्या बॅटरीत, म्हणजे जिच्यात वरून पाणी घालावे लागते तिच्यात, मूळ वेगच अधिक असतो आणि वरून पाणीही उडते.

पहिली पायरी: आपली बॅटरी ओळखा

सीट किंवा बाजूचे पॅनेल काढून बॅटरीवरचे लेबल वाचावे आणि तीन गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. पहिली म्हणजे क्षमता, जी अँपिअर-तासांत दिलेली असते. लहान गाड्यांत ती तीन-चार असते, मधल्या गाड्यांत पाच ते नऊच्या दरम्यान, तर जुन्या बुलेटसारख्या गाड्यांत चौदापर्यंत. दुसरी गोष्ट म्हणजे प्रकार. वर झाकणे असतील, बाजूला पाण्याच्या पातळीच्या दोन रेषा असतील आणि एक बारीक नळी खाली गेलेली असेल, तर ती पाण्याची बॅटरी. वर काहीच उघडण्याजोगे नसेल तर ती बंदिस्त बॅटरी होय आणि तिच्यात कधीही पाणी घालायचे नसते. काहींनी हौसेने लिथियम बॅटरी बसवलेली असते. तिला तिच्यासाठीच बनवलेला चार्जर लागतो आणि पुढील आकडे तिला लागू होत नाहीत. तिसरी गोष्ट म्हणजे खरेदीची तारीख. हमीपत्र मीटर आणि चार्जरच्याच डब्यात ठेवावे, म्हणजे शोधाशोध होत नाही.

दुसरी पायरी: मोजणे

घरात एक साधा डिजिटल मल्टिमीटर असावा. इलेक्ट्रिकल सामानाच्या कोणत्याही दुकानात तो काही शे रुपयांत मिळतो आणि एका बॅटरीच्या किमतीपुढे ती रक्कम काहीच नाही. गाडी चालवून किंवा चार्जिंग करून निदान रात्रभर उलटल्यावरच मोजावे, कारण चार्जिंगनंतर लगेच दिसणारा आकडा वरवरचा आणि फसवा असतो. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल टोक धन टर्मिनलवर आणि काळे ऋण टर्मिनलवर टेकवावे. १२.६ किंवा त्याहून अधिक आकडा म्हणजे बॅटरी भरलेली आहे. बंदिस्त बॅटरी १२.८ च्याही थोडी वर दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. मी स्वतःसाठी १२.५ ही सीमारेषा आखून घेतली आहे. आकडा त्याखाली गेला की त्याच दिवशी चार्जिंग करायचे, पुढच्या रविवारपर्यंत थांबायचे नाही.

तिसरी पायरी: उभ्या गाडीतून होणारी गळती शोधणे

किल्ली बंद असली तरी गाडी पूर्णपणे झोपलेली नसते. डिजिटल घड्याळ, इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, चोरीपासून बचावासाठी बसवलेला अलार्म किंवा जीपीएस ट्रॅकर हे सारे थोडा थोडा विद्युतप्रवाह घेत राहतात. एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाची बीएस-६ मानके लागू झाली आणि नव्या गाड्यांमध्ये कार्ब्युरेटरच्या जागी फ्यूएल इंजेक्शन आले, तेव्हापासून ही गोष्ट अधिक महत्त्वाची झाली आहे, कारण अशा गाड्यांत पेट्रोल चढवणारा पंपसुद्धा विजेवर चालतो आणि त्यातल्या अनेकांना किक उरलेली नाही. जुन्या गाडीची बॅटरी उतरली तर किक मारून निभावत असे; आता तसे होत नाही.

गळती मोजण्यासाठी किल्ली बंद करून ऋण टर्मिनलची वायर सोडावी. मीटरचे लाल टोक दहा अँपिअरच्या खोबणीत घालून मीटर त्या वायरीच्या आणि ऋण टर्मिनलच्या मध्ये जोडावा, काही मिनिटे थांबावे आणि आकडा अगदी लहान असल्याची खात्री झाल्यावरच मिलिअँपिअरच्या पट्टीवर यावे. या अवस्थेत चुकूनही किल्ली फिरवू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. एक ते तीन मिलिअँपिअर हा आकडा सर्वसाधारण समजावा. पण साधारण आहे म्हणजे निरुपद्रवी आहे असे मात्र नव्हे. दोन मिलिअँपिअरची गळती महिन्याभरात जवळजवळ दीड अँपिअर-तास खाऊन टाकते, म्हणजे पाच अँपिअर-तासांच्या बॅटरीतला पाव हिस्स्याहून अधिक भाग. ट्रॅकर बसवलेल्या गाडीत गळती दहा मिलिअँपिअर असेल, तर तीच बॅटरी तीन आठवड्यांत पूर्ण रिकामी होते. पुण्यात बसून मोबाइलवर घरच्या गाडीचा ठावठिकाणा पाहणाऱ्यांनी हा हिशेब अवश्य करावा.

चौथी पायरी: वायर सोडणे, बॅटरी काढणे

गाडी दोन आठवड्यांहून अधिक उभी राहणार असेल, तर निदान ऋण टर्मिनलची वायर सोडून तिच्या टोकाला कापड गुंडाळावे. घड्याळाची वेळ पुन्हा लावावी लागेल, एवढाच त्रास होतो. कंपनीने बसवलेला अलार्म असेल तर मात्र आधी गाडीसोबत आलेली पुस्तिका पाहावी.

उन्हाळ्यासाठी बॅटरी पूर्णच काढून घरात आणणे उत्तम. काढताना आधी ऋण, मग धन, आणि बसवताना आधी धन, मग ऋण, हा क्रम पाठ असावा. कारण असे की गाडीची चॅसी ऋण टर्मिनलला जोडलेली असते. ऋण वायर जोडलेली असतानाच धन टर्मिनलवरचा पाना चॅसीला टेकला तर मोठी ठिणगी उडते, पाना लाल होतो आणि हात भाजतो. पाण्याच्या बॅटरीची बारीक नळी कशी आणि कुठून गेली आहे, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. ती नळी दुमडली किंवा बसवायची राहिली तर आम्लाची वाफ चेनवर आणि चॅसीवर पडून गंज चढतो.

टर्मिनलवर पांढरा किंवा हिरवट थर दिसला, तर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने तो घासावा, ओल्या फडक्याने पुसावा आणि कोरडे करावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाता कामा नये. जोडणी पक्की केल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा.

पाचवी पायरी: चार्जिंग

सर्वांत जास्त चुका येथेच होतात. मोटारसायकलची बॅटरी लहान असते, तिला सावकाश भरावे लागते. सर्वसाधारण नियम असा की, क्षमतेच्या एक दशांश प्रवाह द्यावा. पाच अँपिअर-तासांच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, नऊच्या बॅटरीला साधारण एक अँपिअर. लेबलवर बहुधा हा आकडा दिलेलाच असतो. मोटारीच्या किंवा घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी असलेला चार्जर तिला लावणे म्हणजे तिचे आयुष्य कमी करणे होय. बॅटरीच्या दुकानात चार्जिंगला द्यायची झाली तर कितीही घाई असली तरी ‘सावकाश चार्ज करा, उद्या संध्याकाळी नेतो’ असे स्पष्ट सांगावे, कारण तासाभरात जास्त प्रवाह देऊन परत मिळालेली बॅटरी वरवर भरलेली असते आणि आतून तापलेली असते.

माझे मत विचाराल तर मोटारसायकलसाठीचा एक अँपिअरच्या आतबाहेरचा स्वयंचलित चार्जर विकत घ्यावा. असा चार्जर बॅटरीला साधारण १४.४ व्होल्टपर्यंत चढवतो आणि ती भरली की आपोआप १३.५ च्या आसपास उतरून फक्त गळती भरून काढत राहतो. साधा, जुन्या पद्धतीचा चार्जर असे काही करत नाही; तो विसरला गेला तर बॅटरी उकळते, पाणी संपते आणि बंदिस्त बॅटरी फुगते. घरी फक्त वयस्कर आईवडील असतील तर स्वयंचलित चार्जरलाच पर्याय नाही, असे मी आग्रहाने म्हणेन.

चार्जिंग हवेशीर जागी करावे. स्वयंपाकघर आणि देवघर या दोन्ही जागा वर्ज्य समजाव्यात, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडू शकतो आणि गॅसची शेगडी, समई किंवा निरांजन जवळ असणे धोक्याचे आहे. लाल चिमटा धन टर्मिनलला, काळा ऋणला लावावा आणि त्यानंतरच भिंतीवरचे बटण चालू करावे. काढताना आधी बटण बंद करावे. पाण्याची बॅटरी असेल तर हातमोजे आणि चष्मा घालावा. तासाभराने बॅटरीला हात लावून पाहावा. किंचित कोमट लागणे ठीक आहे, गरम लागली तर चार्जिंग थांबवून ती निवू द्यावी. मेमध्ये दुपारी बारा ते पाच या वेळेत मी चार्जिंग करतच नाही. रात्री जेवण झाल्यावर लावतो आणि सकाळी काढतो.

पूर्ण उतरलेल्या बॅटरीला स्वयंचलित चार्जर कधीकधी ओळखतच नाही, कारण तिचे व्होल्ट फार खाली गेलेले असतात. अशा वेळी दुकानात नेऊन आधी कमी प्रवाहावर थोडी उठवून घ्यावी लागते. चालू मोटारीच्या बॅटरीला वायर जोडून गाडी सुरू करण्याचा मोह टाळावा.

सहावी पायरी: पाणी, केवळ पाण्याच्या बॅटरीसाठी

दोन रेषांपैकी वरच्या रेषेपर्यंतच आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरचे पाणी चालत नाही, नळाचे चालत नाही आणि आरओ यंत्राचे पाणीसुद्धा चालत नाही, कारण त्यातले उरलेले क्षार प्लेटांवर बसतात. आम्ल तर कधीच घालू नये; उडते ते पाणी, आम्ल आतच राहते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकेच पाणी आधी घालावे, चार्जिंग पूर्ण करावे आणि मग पातळी रेषेपर्यंत आणावी. आधीच काठोकाठ भरले तर चार्जिंगच्या वेळी आम्ल वर येऊन बाहेर सांडते.

बॅटरी ठेवायची कुठे, आणि केव्हा पाहायची

घरातली सर्वांत थंड जागा निवडावी. अनेक घरांत काढलेल्या वस्तू माळ्यावर टाकण्याची सवय असते, पण स्लॅबखालचा माळा उन्हाळ्यात घरातली सर्वांत तापलेली जागा असते. जिन्याखालचा कोपरा किंवा जुन्या जाड भिंतींच्या घरातली आतली खोली योग्य. फरशीवर ठेवल्यास बॅटरी उतरते असे अजून पुष्कळ लोक मानतात, पण आजच्या प्लॅस्टिकच्या डब्यांना ते लागू नाही. खाली लाकडी फळी ठेवावी ती एवढ्यासाठी की, आम्लाचा थेंब गळाला तर फरशी खराब होऊ नये. लहान मुलांचा हात पोहोचणार नाही, याची काळजी घ्यावी.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात वायर सोडून ठेवलेली बॅटरी पाच-सहा आठवड्यांतून एकदा मोजली तरी पुरते. मार्च उजाडला की दर दोन-तीन आठवड्यांनी मोजावी. मी संक्रांत, पाडवा, अक्षय तृतीया, आषाढी, पोळा आणि दसरा हे दिवस पूर्ण चार्जिंगसाठी ठरवून ठेवले आहेत. तारखा विसरतात, पण सण विसरत नाहीत. पाडवा ते आषाढी या अवधीत मात्र मधल्या मोजणीतही खंड पडू देत नाही.

रोज पाच मिनिटे गाडी सुरू ठेवण्याविषयी

हा सल्ला प्रत्येक गल्लीत मिळतो आणि तो चांगल्या हेतूनेच दिलेला असतो, तरीही तो बॅटरीला मारक आहे. सेल्फ मारताना काही क्षणांसाठी फार मोठा प्रवाह खेचला जातो. त्यानंतर इंजिन मंद गतीवर असताना चार्जिंग क्षीण असते, आणि एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांमध्ये इंजिन चालू असेपर्यंत पुढचा दिवाही चालू राहतो, त्यामुळे बॅटरीच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. शिवाय थंडच राहिलेल्या इंजिनात आणि सायलेन्सरमध्ये ओल साठते, ती वेगळीच.

गाडी चालवायचीच असेल तर खरोखर चालवावी. नवी पेठेत भाजी आणायला जाऊन येण्याने काही साधत नाही. तुळजापूरला जाऊन यावे, जाता-येता सुमारे नव्वद किलोमीटर होतात, किंवा अक्कलकोटला. एका दमात पाऊण तास मध्यम वेगाने चालवणे ही किमान मर्यादा मानावी. तरीही लक्षात ठेवावे की शिसे-आम्लाची बॅटरी शेवटचे वीस टक्के फार हळू स्वीकारते. निम्मी उतरलेली बॅटरी एका फेरीत पूर्ण भरत नाही, तिला चार्जरच लागतो.

गाडी पुन्हा सुरू करताना

हुतात्मा एक्सप्रेसने रात्री उतरणाऱ्या मुलाला सकाळी गाडी हवी असेल, तर आदल्या दिवशी चार्ज केलेली बॅटरी बसवून ठेवावी. सकाळी किल्ली फिरवल्यावर पेट्रोल पंपाचा घरघर आवाज थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद वाट पाहावी आणि मगच सेल्फ दाबावा. पाच सेकंदांत सुरू झाली नाही तर हात काढून अर्धा मिनिट थांबावे. सलग बटण दाबून धरण्याने बॅटरी उतरते आणि सेल्फची मोटारही तापते.

त्याच वेळी मीटर बॅटरीवर लावून दोन आकडे पाहून घ्यावेत. सेल्फ फिरत असताना व्होल्ट ९.६ च्या खाली कोसळत असतील, तर बॅटरी आतून दमलेली आहे, मग विश्रांतीत ती १२.७ दाखवत असली तरी. आणि इंजिन सुरू झाल्यावर थोडी रेस दिली असता १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा दिसला पाहिजे. तो १३.५ च्या खालीच राहत असेल किंवा १५ च्या वर जात असेल, तर दोष बहुधा बॅटरीत नसून रेक्टिफायरमध्ये (इंजिनाकडून येणारी वीज बॅटरीजोगी करणाऱ्या भागात), वीज तयार करणाऱ्या कॉइलमध्ये किंवा एखाद्या सैल जोडणीत असतो. ही तपासणी न करता नवी बॅटरी टाकली, तर तीही त्याच वाटेने जाते. मेकॅनिककडे जाताना हे दोन्ही आकडे लिहून न्यावेत. त्याचे काम सोपे होते आणि आपला खर्च वाचतो.

बॅटरी खरोखर बदलावी लागली, तर तिच्यावरची निर्मितीची तारीख पाहूनच घ्यावी, कारण दुकानाच्या फळीवर वर्षभर पडून राहिलेली बॅटरीही उभ्या गाडीतल्या बॅटरीसारखीच उतरत आलेली असते. पाण्याची घेतली तर आम्ल भरल्यानंतरचे पहिले चार्जिंग पूर्ण होऊ द्यावे, भले त्यासाठी दुसऱ्या दिवशी परत जावे लागले तरी चालेल. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये आणि तिच्यातले आम्ल गटारात ओतू नये. ‘बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२’ नुसार ती अधिकृत पुनर्वापराकडे जायला हवी. नवी बॅटरी घेताना दुकानदार जुनी परत घेतो आणि तेवढी रक्कम बिलातून कमी करतो, म्हणून घरातून निघतानाच ती प्लॅस्टिकच्या टबमध्ये उभी ठेवून सोबत न्यावी.